फुगवटा कुणाचा?

प्रोजेक्टर दुकानात परत गेला आणि आमच्या हॉलची भिंत वाकडी झाली. झालं, सांगून टाकलं. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला, कारण आमच्या घरात असं काही घडलेलं नाही असं सर्वानुमते ठरलं आहे. आमच्याकडे प्रोजेक्टर आलाच नव्हता. भिंतीपुढे सध्या जे कपाट उभं आहे, ते तिथे आधीपासूनच होतं. कुणी पाहुण्याने विचारलं तर आई सांगते, "तिथे कपाटाला उजेड बरा मिळतो." पाहुणेही मान डोलावतात. कपाटाला उजेड लागतो हे त्यांनाही तेव्हाच कळतं.

तर, जो आलाच नव्हता तो प्रोजेक्टर भिंतीला जवळजवळ चिकटून बसणारा होता. नेहमीचा प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा लागतो आणि मधून कुणी पाणी प्यायला उठलं की नायिकेच्या तोंडावर त्याचं डोकं उमटतं. हा तसा नाही. हा भिंतीपासून वीतभर अंतरावर बैठ्या टेबलावर बसतो आणि तिथूनच मान वर करून लेझरने अख्खी भिंत भरून टाकतो. एका दुकानाने योजना काढली होती : घरी न्या, सिनेमे बघा, गेम खेळा, पारखा, आवडला तर ठेवा, नाहीतर अभिप्राय लिहून परत आणा.

पारखायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. प्रत्येक घरात यंत्रांतलं कळणारा एक माणूस असतो. आमच्या घरात तो मी. एकदा आईचा मिक्सर बंद पडला होता, तेव्हा मी त्याचा प्लग लावला. त्या दिवशी घरात मला जे स्थान मिळालं ते मी आजवर जपलं होतं. शिवाय नोकरीही मी ग्राहक तक्रार विभागात करतो. दिवसभर फोनवर लोकांना विचारतो, "माहितीपुस्तिका वाचली का?" त्यांनी वाचलेली नसते. मीही वाचलेली नसते, पण विचारणाऱ्याने वाचलीच पाहिजे असा नियम नाही.

आता भिंतीविषयी. घर सगळ्यांचं असलं तरी हॉलची भिंत बाबांची. बाबा सरकारी बांधकाम खात्यात तपासनीस होते आणि नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या भिंती नापास केल्या. हातात ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं ते पितळी वजन, घेऊन ते बांधकामावर जात, दोरी सोडून बघत, मग भिंतीला गाल लावून एक डोळा मिटत आणि अगदी हळू आवाजात विचारत, "हा फुगवटा कुणाचा?" भले भले कंत्राटदार तेव्हा स्वतःच्या चपला निरखू लागत. त्यांतलेच एक निवृत्त होऊन आमच्या समोरच्या घरात राहायला आले. त्यांनी बांधलेल्या एका शाळेची अख्खी भिंत बाबांनी पाडायला लावली होती. कंत्राटदारकाका बाबांना अजूनही 'साहेब' म्हणतात, पण म्हणायच्या आधी एकदा श्वास घेतात.

आमच्या हॉलच्या भिंतीचा गिलावा बाबांनी स्वतः उभं राहून करून घेतला, पुन्हा खरवडून काढला, पुन्हा करून घेतला. त्यानंतर तिच्यावर खिळा ठोकायची कुणाची छाती झाली नाही. घड्याळ फ्रिजवर उभं असतं. आईबाबांच्या लग्नाचा फोटो स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकून आहे. कॅलेंडर खिडकीच्या गजाला टांगलंय, त्यामुळे वारा सुटला की आमच्याकडे महिना बदलतो. अशी ती कोरी, पांढरी, कुमारिका भिंत. प्रोजेक्टरला आणखी काय हवं?

बाबांनी यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"खिळा मारावा लागेल?"

"नाही बाबा."

"स्क्रू?"

"काही नाही. फक्त उजेड."

"उजेड चालेल," बाबा म्हणाले आणि आईकडे वळले. "सांगत होतो ना, या भिंतीच्या लायकीचं काहीतरी एक दिवस येईल?"

"मी तिथे कपाट ठेवूया म्हणत होते," आई म्हणाली.

पण धाकट्या बहिणीने लिफ्टमध्ये कुणाला तरी 'आमच्याकडे लेझर आलाय' असं सांगितलं आणि संध्याकाळी इमारतीच्या सेक्रेटरीबाई नियमावली घेऊन दारात. त्यांनी चष्मा लावला. "इमारतीत स्फोटक पदार्थ, शस्त्रं आणि चार पायांचे प्राणी यांना मनाई आहे. लेझर यांतल्या कशात बसतो?"

"मनोरंजनात," मी म्हणालो.

"तो रकाना नाही."

बरीच चर्चा झाली. यंत्राला चार पाय आहेत असाही एक मुद्दा निघाला. (आहेत. रबरी आहेत.) शेवटी समितीने शनिवारी संध्याकाळी प्रत्यक्ष पाहणी करून परवानगी द्यायची असं ठरलं. बाबांना ते फार आवडलं. पाहणी या शब्दानेच त्यांची पाठ ताठ झाली. भिंतीवर पहिलं चित्र समितीसमोरच पडेल, असं त्यांनी जाहीर केलं. तोवर भिंतीला हात नाही, उजेडही नाही.

मग तोवर पारखायचं कशावर? उंबऱ्यात उभ्या असलेल्या कंत्राटदारकाकांनी सल्ला दिला, "चादरीवर मारा की. कपडे वाळत घालायचा स्टँड भिंतीपुढे उभा करा, त्यावर पांढरी चादर. रंगही उडायचा नाही साहेबांच्या भिंतीचा." आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना त्यांचं म्हणणं पटलं.

आईने कपाटातली डबलबेडची चादर दिली. ती चिमट्यांनी स्टँडला लटकवली. चादर म्हटली की चुण्या आल्या, वरच्या कोपऱ्यात चिमट्याने तिला मुरडही पडली. पण या यंत्राकडे त्यावर उपाय होता. ते समोर ठिपक्यांची जाळी टाकतं, आपण फोनने तिचा फोटो काढायचा, आणि मग यंत्र समोरचे चढउतार ओळखून चित्रच उलट्या बाजूला असं वाकवतं की बघणाऱ्याला ते सरळ दिसावं. मी फोटो काढला. चादरीला चुण्या होत्या, चित्राला एकही नव्हती. "हे जपून ठेवू का?" असं यंत्राने विचारलं. मी हो म्हणालो. यंत्राने काहीही विचारलं की मी हो म्हणतो, तो माझा स्वभाव आहे.

ते दिवस माझ्या कीर्तीचे होते. मी पारखत होतो. आईची मालिका लावली तर सासूचं नाक खऱ्या सासूपेक्षा मोठं दिसलं, आई म्हणाली, "आता कळतंय ती कशी आहे ते." बहीण गेम खेळताना तक्रार करायची, "दादा, मी बटण दाबते आणि गाडी विचार करून वळते." मी सेटिंगमध्ये जाऊन गेमचा पर्याय लावला आणि गाडी विचार न करता वळू लागली. दिवसाउजेडी चित्र फिकं पडतं का, काळा रंग काळाच दिसतो का, पंखा किती घुरघुरतो, सगळं मी अभिप्रायासाठी टिपलं. एकच गोष्ट राहिली. चादर काढली की जपून ठेवलेलं ते वळण पुसायचं असतं, असं माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं म्हणे.

शनिवारी चादर धुवायला गेली आणि समिती हॉलमध्ये आली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कंत्राटदारकाकांनी स्वतःच्या घरातून आणल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशेजारी उभे राहिले आणि गिलाव्याचा इतिहास सांगू लागले. सेक्रेटरीबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. ते फ्रिजवर असल्यामुळे त्यांना दोनदा उठावं लागलं. शेवटी बाबा म्हणाले, "आता भिंतच काय ते बोलेल," आणि त्यांनी स्वतः दिवा बंद केला.

मी समुद्राचं चित्र लावलं होतं. निळंशार पाणी, वर आभाळ आणि मध्ये क्षितिजाची सरळ रेघ.

रेघ सरळ नव्हती. डावीकडे ती बसली होती, मध्ये तिला टेंगूळ आलं होतं आणि उजवीकडे ती पुन्हा खचली होती. एक जहाज संथपणे येत होतं, ते टेंगळावर चढलं, उतरलं आणि खड्ड्यात गेलं. घाईघाईने मी बातम्या लावल्या. निवेदिकेचं कपाळ पसरलं आणि हनुवटी खांद्यापाशी गेली. बहिणीने गेम लावला, तर सपाट रस्त्यावर तिची गाडी उंटावर बसल्यासारखी निघाली.

अंधारात कुणीतरी खाकरलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हे यंत्र बिघडलंय की भिंत?"

सगळे माझ्याकडे वळले. अंधार होता, पण वळले हे मला कळलं. आता तुम्हीच सांगा, यंत्रात दोष निघाला तर पारखणारा कोण? मी. आणि मिक्सरपासून कमावलेलं ते स्थान? मी कामावर वापरतो तो आवाज काढला. "यंत्राची मी कसून तपासणी केलेली आहे. यंत्र निर्दोष आहे. सदर भिंतीमध्ये पृष्ठभागदोष संभवतो."

सदर भिंत म्हणालो मी. घरातल्या भिंतीला.

कंत्राटदारकाका उठले. संथपणे भिंतीपाशी गेले, तिला गाल लावला, एक डोळा मिटला. निवेदिका त्यांच्या टकलावरून बोलत होती. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, जणू इतकी वर्षं घरी सराव केला असावा तसं, विचारलं :

"साहेब, हा फुगवटा कुणाचा?"

बाबांनी दिवा लावला. त्यांनी खाली बघितलं, आणि घरात होते म्हणून पायात चपलाही नव्हत्या.

सगळे गेल्यावर बाबांनी माळ्यावरून ओळंबा काढला. दोरी सोडली, वजन थांबेपर्यंत वाट बघितली. भिंत दोरीला समांतर, इथपासून तिथपर्यंत. मला वाटलं, आता सुटलो. पण बाबा म्हणाले, "दोरी जुनी झाली असणार."

"दोरी जुनी झाली तरी खालीच लोंबेल ना, अहो?" आई म्हणाली.

"मग डोळा जुना झाला असेल. लेझर खोटं कशाला बोलेल? आणि हा स्वतः म्हणाला ना, यंत्र निर्दोष आहे. याला कळतं त्यातलं."

'याला' म्हणजे मला. इतक्या विश्वासाने माझ्याविषयी कुणी बोललं की मला हल्ली जेवण जात नाही. बाबांनाही त्या रात्री गेलं नाही. हात धुता धुता ते एकदम म्हणाले, "ती शाळेची भिंत मी पाडायला लावली. सरळ असली तर?" नळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा बाहेर गेले होते आणि बहीण गेम खेळत होती. उंटावरच्या गाडीचा तिला सराव झाला होता. एकाएकी तिने गाडी थांबवली.

"दादा, इथे उंचवटा, इथे खोल, आणि वर कोपऱ्यात ही मुरड बघ. ही आईची चादर आहे. हा चिमटा आहे, दादा!"

मी सेटिंग उघडलं. 'जपून ठेवलेलं वळण' असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. पुसलं. रस्ता सरळ झाला. एवढा सरळ की माझ्या पाठीला घाम फुटला. इतकी सुंदर, इतकी सपाट भिंत मी कधी पाहिली नव्हती.

"आता बाबांना सांग," ती म्हणाली.

"सांगतो. योग्य वेळी."

तेवढ्यात दार उघडलं आणि योग्य वेळ आत आली. बाबांच्या एका हातात पुट्टीची पिशवी होती, दुसऱ्या हातात पुट्टी ओढायचा पत्रा. चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदाच थोडा रंग होता. "घोळ झाला असेल तर निस्तरताही येतो," ते म्हणाले. "कालचं ते समुद्राचं चित्र लाव. जिथे खचलंय तिथे भरतो."

इथे माझ्या डोक्यात एक योजना आली. माझ्या डोक्यात योजना येते तेव्हा घरातल्यांनी मला खोलीत कोंडायला हवं, पण त्यांना वेळेवर कळत नाही. योजना अशी : चादरीचं वळण पुन्हा लावायचं. बाबा मनासारखी पुट्टी भरतील. मग मी ते वळण गुपचूप पुसेन, चित्र सरळ होईल, आणि बाबांना वाटेल की त्यांच्या हातांनी भिंत सुधारली. बाबांची अब्रू परत, माझी जागच्या जागी. समितीला पुन्हा बोलवू. कुणाचंच काही गेलं नाही.

"हा गाढवपणा आहे," बहीण कुजबुजली.

"हे व्यवस्थापन आहे," मी कुजबुजलो आणि चादर पुन्हा भिंतीवर आणली. पुसलेलं वळण यंत्र विसरत नाही, विचारलं की परत देतं. इतकं मनमिळाऊ यंत्र मी पाहिलेलं नाही.

बाबा स्टुलावर चढले. जहाज खाली गेलं की तिथे पुट्टी, टेंगूळ आलं की कडेला पुट्टी. निळा समुद्र त्यांच्या बाह्यांवर पसरला होता, हातांवर मासे पोहत होते आणि ते माझ्या चुकीच्या बटणाबरहुकूम, मन लावून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, स्वतःची सरळ भिंत बिघडवत होते. मी स्टूल धरून उभा होतो. मधेच ते म्हणाले, "हात विसरलेला नाही रे अजून." मी म्हणालो, "नाही बाबा." एवढंच म्हणालो. दुसरंही एक वाक्य तयार होतं, पण मी स्टूलच आणखी घट्ट धरलं.

पुट्टी वाळल्यावर समिती पुन्हा आली. यावेळी खुर्च्या जास्त लागल्या, कारण बातमी खालच्या मजल्यांवर पोचली होती. मी सकाळीच वळण पुसून ठेवलं होतं. त्यानंतर चालवून मात्र बघितलं नव्हतं. पारखणारा माणूस एकच गोष्ट दोनदा पारखत नाही.

बाबांनी दिवा बंद केला. समुद्र आला.

वाचकहो, सरळ भिंतीवर कुणी खड्डे समजून पुट्टी भरली तर तिथे काय तयार होतं हे मला आधी सुचायला हवं होतं. जहाज डावीकडून आलं आणि जिथे परवा खड्ड्यात गेलं होतं, तिथे डोंगरावर चढलं. हा उजेड पार खालून, भिंतीला घासून वर जातो. नखाएवढा उंचवटाही तो हाताएवढा करून दाखवतो. मागून कुणीतरी हसलं आणि मग सगळ्यांनाच हसायची परवानगी मिळाली.

बाबा हसले नाहीत. ते कंत्राटदारकाकांसमोर जाऊन उभे राहिले. चेहऱ्यावर भिंतीवरच्या आभाळाचा निळा उजेड होता. "कंत्राटदार, मला भिंतीतलं काही कळत नाही असं दिसतंय. तुमची ती शाळेची भिंत... सरळ असेल ती. मला माफ करा."

तेव्हा मी उभा राहिलो. कामावरचा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो आला नाही. भलताच एक बारीक आवाज आला. मी सगळं सांगितलं. चादर, चिमटा, जपून ठेवलेलं वळण, माहितीपुस्तिकेचं पहिलं पान, मिक्सरसुद्धा. भिंत सरळ होती, मी खोटा होतो, आणि बाबा पुट्टी भरत होते तेव्हा ते मला माहीत होतं.

मग सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

"किती गुणी मुलगा आहे हो," त्या म्हणाल्या. "बापाची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय."

"अहो नाही, खरंच मी..."

"कळतं रे, कळतं आम्हाला." दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चादरीची गोष्ट चांगली रचलीस. आमच्या मुलाला हे सुचलं नसतं." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात एकदाच भर सभेत खरं बोललो आणि त्याबद्दल मला चांगल्या वर्तणुकीचं प्रशस्तिपत्र मिळायची वेळ आली. प्रोजेक्टरला परवानगीही मिळाली. भिंतीबद्दल सेक्रेटरीबाईंनी वहीत लिहिलं : 'मूळची वाकडी.'

सगळ्यांत शेवटी कंत्राटदारकाका निघाले. खुर्च्या उचलायला मी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेलो.

"काका, तुम्हाला तरी पटलं ना?"

"मला कशाला पटवतोस? मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. गाल लावला होता ना मी. या माणसाची भिंत वाकडी असणं शक्य आहे का? माझी शाळेची मात्र होती. चांगलं पोट आलं होतं तिला." त्यांनी श्वास घेतला आणि हसले. "पण काय मजा आली रे!"

"मग हे बाबांना सांगा. समितीला सांगा."

"वेडा आहेस का?" ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आत बाबा भिंतीपाशी बसले होते. पुट्टीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते चाललं असतं.

"चादर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे ओळंबा बरोबर होता."

"हो बाबा."

"दोरी?"

"दोरीही."

त्यांनी नखाने पुट्टीची कड खरवडून बघितली. मग म्हणाले, "हे खरडायला गेलो तर खालचा गिलावा उखडेल. पुन्हा तशी व्हायची नाही." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुला कामावरचं ते लिहिता येतं ना, सदर वगैरे? एक लिहून दे."

प्रोजेक्टर परत गेला. अभिप्रायात मी लिहिलं : चित्र उत्तम, गेमसाठी योग्य, घरासाठी नाही. आईने शेजाऱ्यांच्या मदतीने कपाट सरकवलं. मदतीला कंत्राटदारकाका होते आणि त्यांनी सगळ्यांत जास्त जोर लावला. बाबांनी सांगितलेलं मी त्याच संध्याकाळी लिहिलं आणि सेक्रेटरीबाईंच्या पेटीत टाकलं. दर सोमवारी आठवण म्हणून नवी प्रत टाकतो. मजकूर असा :

मा. सेक्रेटरी यांस,

विषय : सदर भिंत सरळ असल्याचा दाखला मिळणेबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या हॉलमधील भिंत ही अर्जदाराने तिच्यावर चादर पाडण्यापूर्वी पूर्णतः सरळ होती, असा दाखला समितीच्या सहीशिक्क्यानिशी अर्जदाराच्या वडिलांच्या नावे देण्यात यावा. वहीतील 'मूळची' हा शब्द खोडून त्या जागी 'मुलाची' असे वाचावे. सदर भिंत पुट्टीखाली व पुट्टी कपाटामागे असल्याने प्रत्यक्ष पाहणी शक्य नाही. करिता दाखला पाहणीशिवाय देण्यात यावा. साक्षीदार समोरच्या घरात राहतात, परंतु ते सही करणार नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

दाखला फ्रेम करून मिळाल्यास उपकार होतील. तो टांगण्यासाठी खिळा मारला जाणार नाही. फ्रिजवर, घड्याळाशेजारी, जागा करून ठेवलेली आहे.